चेहरा की मैदान? पडद्यावरचा फुटबॉल फसतो कुठे आणि जमतो कसा

चित्रपटात फुटबॉलचा सामना सुरू झाला की नेहमी सामने बघणाऱ्याला मिनिटभरात कळतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. नायक धावतोय, चेंडू जाळीत जातोय, गर्दी ओरडतेय, तरी खेळ खरा वाटत नाही. बॉक्सिंग, कुस्ती, अगदी क्रिकेटसुद्धा पडद्यावर बऱ्यापैकी निभावून जातं. फुटबॉलचंच घोडं अडतं. खापर बहुतेक वेळा नटाच्या पायांवर फुटतं. मूळ अडचण मात्र भूमितीची आहे, आणि ती एकदा समजली की चित्रपटवाल्यांच्या आणि टीव्हीवाल्यांच्या बाकीच्या सगळ्या युक्त्यांचा अर्थ लागतो.

हिशोब साधा आहे. उभा माणूस डोक्यापासून बुटापर्यंत दाखवायचा तर चौकटीची उंची निदान २ मीटर हवी. पडदा १६:९ या प्रमाणाचा धरला तर चौकटीची रुंदी होते साधारण साडेतीन मीटर. जोरात पळणारा खेळाडू सेकंदाला ७ ते ८ मीटर जातो. कॅमेरा स्थिर असेल तर तो अर्ध्या सेकंदात बाहेर गेलेला असतो. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला तरी आडवा येणारा बचावपटू ५ मीटरवर आणि पास घेणारा साथीदार १०-१५ मीटरवर, म्हणजे दोघेही चौकटीबाहेर. खेळाडूने पास उजवीकडे का दिला, डावीकडे का नाही, हे कळायला लागणारं काहीच पडद्यावर नसतं. दिसतो फक्त चेंडूशी झटापट करणारा एक माणूस.

बॉक्सिंगमध्ये दोघे एका हाताच्या अंतरावर असतात. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडू ही वेगळी घटना असते आणि दोन चेंडूंच्या मध्ये चेहरे दाखवायला भरपूर उसंत मिळते. फुटबॉलमध्ये २२ जण १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर सतत हलत असतात, आणि नाट्य माणसांपेक्षा त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत जास्त घडतं. टीव्ही ती जागा दाखवतो. चित्रपटाला चेहरा हवा असतो. दोन्ही एका चौकटीत मावत नाहीत, सगळा खटाटोप त्यासाठीच.

टीव्हीने डोळ्यांना लावलेली सवय

टीव्हीवरच्या सामन्याचा बहुतांश वेळ एकाच कॅमेऱ्यावर जातो. तो मध्यरेषेच्या सरळ रेषेत, मुख्य स्टँडमध्ये उंचावर असतो. फार उंच गेला तर खेळाडू मुंग्यांसारखे दिसतात आणि कोण कोण ते ओळखू येत नाही. फार खाली आला तर जवळची आणि लांबची माणसं एकमेकांवर चढतात, त्यांच्यातलं अंतर डोळ्याला मोजता येत नाही. मधली जी उंची आहे तिथून दोन्ही संघांच्या रांगा, त्यांच्यातल्या फटी आणि धावणाऱ्याची दिशा एकदम दिसते. त्याच्याच शेजारी दुसरा कॅमेरा थोडी जवळची चौकट घेतो, दोन्ही पेनल्टी क्षेत्रांच्या रेषेत ऑफसाइडसाठी (पास सुटताना आक्रमक बचावफळीच्या पुढे होता का ते बघायला) एकेक असतो, शिवाय गोलांच्या मागे उंचावर, मैदानाच्या कडेला जमिनीलगत, तारांवर लटकता. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात प्रत्येक सामन्याला प्रक्षेपणाचे ४२ कॅमेरे होते. तरीही चेंडू खेळात असताना दिग्दर्शक फिरून फिरून त्या मधल्या कॅमेऱ्यावरच येतो.

त्या चौकटीत माणूस किती लहान असतो याची आपल्याला कल्पनाही नसते. ४० मीटर रुंद चौकट घेतली तर तिची उंची साडेबावीस मीटर. पावणेदोन मीटरचा खेळाडू पडद्याच्या उंचीच्या जेमतेम आठ टक्के भरतो. चेंडूचा व्यास २२ सेंटिमीटर, म्हणजे १०८० ओळींच्या चित्रात सुमारे १०-११ ओळी. जुन्या टीव्हीवर, ५७६ ओळींच्या जवळजवळ चौकोनी चित्रात, तेवढंच मैदान दाखवताना चेंडूच्या वाट्याला चारच ओळी येत. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकासाठी काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा ‘टेलस्टार’ चेंडू आला तो याच कारणाने: १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षट्कोन, म्हणजे कृष्णधवल पडद्यावरही चेंडू फिरताना दिसावा. आज फुटबॉलचं चित्र काढायला सांगितलं की लहान मूल हाच चेंडू काढतं. टीव्हीच्या सोयीसाठी आलेली नक्षी खेळाचीच खूण होऊन बसली.

टीव्हीचे काही अलिखित नियम आहेत. चेंडू खेळात असताना जवळचा शॉट शक्यतो नको. चेहरे, प्रशिक्षक, रडणारे प्रेक्षक हे सगळं चेंडू बाहेर गेल्यावर. रीप्ले छोटा, आणि त्याच्या आधी-नंतर पडद्यावर चिन्ह फिरवायचं, म्हणजे जुनं दृश्य चालू सामना वाटत नाही. रीप्ले लांबला आणि तेवढ्यात झटकन थ्रो-इन घेऊन गोल झाला, तर त्या दिग्दर्शकाची रात्र खराब झालीच म्हणून समजा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला. समोरच्या बाजूने कापलेला शॉट दाखवला की डावीकडे हल्ला करणारा संघ अचानक उजवीकडे जायला लागतो. म्हणूनच तसा शॉट आला तर बरेच प्रक्षेपणकर्ते पडद्यावर ‘उलट बाजू’ अशा अर्थाची पट्टी देतात.

बीबीसीने १६ सप्टेंबर १९३७ ला हायबरी मैदानावरून आर्सेनल आणि आर्सेनलचाच राखीव संघ यांच्यातला खास खेळवलेला सामना थेट दाखवला, तिथपासून ही नजर घडत आली आहे. इतक्या वर्षांत बघणाऱ्यांच्या पिढ्यांना फुटबॉल म्हणजे ‘तिथून दिसणारा खेळ’ असंच वाटतं. चित्रपट तिथून हलला की डोळा बिचकतो.

गुडघ्याखालचा कट

सिनेमाची सर्वांत जुनी पळवाट अशी: नटाचा कमरेवरचा शॉट घ्यायचा, मग खेळता येणाऱ्या डुप्लिकेटच्या पायांचा शॉट, मग परत नटाचा चेहरा. तीन तुकडे जोडले की नट ड्रिबल करतोय असं भासायला हवं. भासत नाही. कारण शरीर तुटक नसतं. चेंडू पायाशी असताना खांदे कलतात, हात तोल सांभाळायला बाहेर येतात, नजर क्षणभर खाली आणि लगेच वर जाते. कमरेवरच्या शॉटमध्ये चेंडू नसलेला नट नुसता पळत असतो, त्याचे खांदे सरळ असतात आणि नजर एकाच ठिकाणी खिळलेली असते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोट दिसते.

यावर उपाय म्हणजे कट कमी करणं. शॉट डुप्लिकेटच्या पाठीवर सुरू करायचा, समोरून कुणी आडवा गेला की त्या क्षणात बदल करायचा आणि नटाच्या चेहऱ्यावर थांबायचं. किंवा नटाला एकच गोष्ट घोटून शिकवायची: चेंडू थांबवणं. नवशिका ओळखू येतो तो किक मारताना नाही, चेंडू घेताना. सराईत खेळाडू चेंडू येण्याआधीच पाऊल सैल सोडतो, चेंडू त्याच्यासमोर एका पावलावर मरतो आणि तो पुढच्या पावलात तो उचलतो. नवशिक्याचा पाय ताठ असतो. चेंडू उसळून दोन मीटर जातो आणि तो त्याच्या मागे धावतो. हा पहिला स्पर्श अंगात मुरायला काही महिने लागतात. फ्री किक त्या मानाने स्वस्त पडते: उभ्या चेंडूवर एकच क्रिया, हवे तितके टेक.

दुसरा मार्ग म्हणजे खेळाडूंनाच नट करणं. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘एस्केप टू व्हिक्टरी’मध्ये (१९८१) पेले, बॉबी मूर, ओस्वाल्दो आर्दिलेस, काझिमिएर्झ देयना यांच्या जोडीला इंग्लंडच्या इप्सविच टाऊन क्लबचे अनेक खेळाडू होते, मायकेल केनच्या जागी केविन बीटी आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या जागी गोलरक्षक पॉल कूपर यांनी खेळाचे शॉट दिले. कथा भाबडी आहे, शेवट तर पार कादंबरी, पण मैदानावर पास फिरायला लागतात तेव्हा अविश्वास गळून पडतो. पेलेंच्या ओव्हरहेड किकला तर डुप्लिकेटही लागत नाही, जोडाजोडीही नाही. ‘द मिरॅकल ऑफ बर्न’ (२००३) बनवणारे झोंके वोर्टमान स्वतः आधी फुटबॉलपटू होते. १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना उभा करताना त्यांनी जर्मन संघातल्या भूमिकांसाठी खेळता येणारी माणसं निवडली. नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’मध्ये (२०२२) नागपूरच्या वस्त्यांमधली, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली मुलं घेतली. त्यांची धाव आणि धक्काबुक्की शिकवून आणलेली वाटत नाही, ती यामुळेच. आमच्या मते खेळाडूला थोडा अभिनय शिकवणं हे नटाला फुटबॉल शिकवण्यापेक्षा सोपं आहे, निदान त्याला फार संवाद नसतील तर.

एक गोल उभा करताना

समजा कथेत असं आहे: डाव्या बगलेतून क्रॉस (गोलसमोर टाकलेला पास), नायकाचं हेडर, गोल. पडद्यावर सात-आठ सेकंद. चित्रीकरणात अर्धा दिवस सहज जातो.

आधी चाल कागदावर येते. कोण कुठून निघतो, कितव्या पावलाला पास सुटतो, कोणता बचावपटू कुणाच्या मागे. मग ती मैदानावर चालत करून बघतात, मग अर्ध्या वेगाने, मग पूर्ण. जमिनीवर खुणेची पट्टी चिकटवता येत नाही, ती दिसते. म्हणून गवतात छोट्या खुंट्या किंवा मैदानावरच्या कापलेल्या पट्ट्यांचा आधार घेतात: ‘तिसऱ्या गडद पट्टीच्या कडेला पोचलास की वळ.’ या पट्ट्यांची एक गंमत आहे. गवत रोलरने ज्या दिशेला झुकवलंय ती दिशा कॅमेऱ्यापासून दूर जात असेल तर पट्टी फिकट दिसते, कॅमेऱ्याकडे येत असेल तर गडद. कॅमेरा मैदानाच्या पलीकडे नेला की गडदची फिकट होते. जागेची खूण म्हणून पट्टीच्या रंगावर विसंबलेला सहायक तिथे हमखास गोंधळतो.

बिघडतो तो बहुधा बचाव. गोल होणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे बचावपटू नकळत वाट मोकळी करतात आणि गोलरक्षक चेंडू सुटायच्या आधीच झेपावतो. याला औषध एकच: बचावपटूंना गोल अडवायला खरंच सांगायचं आणि चाल अशी रचायची की ते अर्ध्या पावलाने कमी पडतील. उदाहरणार्थ, नायकाच्या धावेची सुरुवात त्यांच्या पाठीमागून करायची. गोलरक्षकाला कोणत्या बाजूला चेंडू येणार ते सांगायचं नाही. दहापैकी सहा टेक वाया जातात, पण उरलेले खरे असतात.

आधी लांबचे शॉट घ्यावेत. त्यात उजेड, सावल्या, गर्दी सगळं येतं आणि ते पुन्हा जुळवता येत नाही. जवळचे शॉट नंतर पांढऱ्या कापडाखाली, लाइट लावून काढता येतात. शिवाय सकाळी पाय ताजे असतात. ३० मीटरची पूर्ण ताकदीची धाव दहा वेळा मारायला लावली आणि मधे नुसतं उभं ठेवलं, तर मांडीचा मागचा स्नायू धरतो. दोन टेकच्या मध्ये हलकं पळत राहणं हाच इलाज. चेंडू एकाच बनावटीचे, सारखेच मळवलेले आठ-दहा ठेवतात, नाहीतर एका शॉटमध्ये कोरा आणि पुढच्यात चिखलाचा चेंडू दिसतो. नियमाप्रमाणे चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हेडरच्या टेकसाठी त्यातली हवा कमी करतात, नटाचं डोकं वाचतं. मात्र असा चेंडू जमिनीवर पडताना दाखवायचा नाही, तो पोत्यासारखा बसतो.

क्रॉसचं हेडर दर वेळी अचूक लागत नाही. त्यामुळे जवळच्या शॉटमध्ये चौकटीच्या अगदी बाहेर उभा असलेला माणूस हाताने चेंडू टाकतो आणि गोलरक्षकाच्या झेपेचा शॉट वेगळा, हाताने फेकलेल्या चेंडूवर घेतात. आता बऱ्याच ठिकाणी चेंडूच नसतो. नट रिकाम्या हवेत पाय मारतो, चेंडू नंतर संगणकावर येतो. हे काम उघडं पडतं ते तीन गोष्टींत. संगणकाचा चेंडू एकाच वेगाने जातो. खऱ्या चेंडूचा वेग हवेमुळे सतत कमी होतो. संगणकाच्या चेंडूची फिरकी आणि वळण जुळत नाहीत. आणि सावली विसरतात. सावली नसेल तर चेंडू किती उंचावर आहे हे डोळ्याला कळत नाही. चार कोपऱ्यांत दिव्यांचे मनोरे असलेल्या मैदानावर प्रत्येक खेळाडूच्या चार पुसट सावल्या पडतात. तिथे एकाच ठळक सावलीचा चेंडू आला की तो चिकटवल्यासारखा दिसतो.

२४ चौकटी आणि ताशी १०० किलोमीटर

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा फटका सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो, म्हणजे एका चौकटीतून दुसरीत जाईपर्यंत चेंडू १ मीटर १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. शटर साधारण १/४८ सेकंद उघडं राहतं, तेवढ्यात तो ५८ सेंटिमीटर सरकतो. पडद्यावर गोल चेंडूऐवजी त्याच्या व्यासाच्या साडेतीनपटीहून लांब धुरकट पट्टा उमटतो. टीव्हीचा थेट सामना बहुतेक देशांत सेकंदाला ५० प्रतिमांनी दिसतो, म्हणून तिथे हालचाल गुळगुळीत असते. चित्रपटातला सामना ‘सिनेमासारखा’ दिसतो त्यामागे हेही एक कारण आहे, आणि ते सगळंच वाईट नाही.

स्लो मोशनची भुरळही इथूनच येते. पेनल्टी ११ मीटरवरून मारतात. त्या वेगाने चेंडूला गोलपर्यंत पोचायला ०.४ सेकंद लागतात. त्यात चेहरा, आई, भूतकाळ, रडणारा मित्र काहीच बसत नाही. सेकंदाला १२० चौकटींनी चित्रीकरण करून २४ ने दाखवलं की तेच २ सेकंद होतात. दोन सेकंद रास्त आहेत. दहा सेकंद केले की गोलरक्षक हवेत तरंगतो आणि प्रेक्षक घड्याळ बघतो. स्लो मोशन त्या क्षणाला वापरावं जिथे डोळ्याला प्रत्यक्षात काही निसटतं: बुटाचा चेंडूला स्पर्श, गोलरक्षकाच्या बोटांचं टोक. धावण्याला ते लावलं की वेगच मरतो, आणि वेग हाच तर मुद्दा होता.

चौकटींचा हा प्रश्न सिनेमापुरता नाही. ५० प्रतिमांच्या प्रक्षेपणात दोन प्रतिमांच्या मध्ये सेकंदाला ८ मीटर पळणारा आक्रमक १६ सेंटिमीटर पुढे जातो. मग पास नेमका कधी सुटला? ऑफसाइडचे सेंटिमीटरचे निकाल वादग्रस्त ठरत ते इथेच. २०२२ च्या विश्वचषकात छताखालचे १२ वेगळे कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ पर्यंत बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. लाथ कधी बसली ते चेंडूच सांगायचा.

भरलेलं स्टेडियम कुठून आणायचं

पन्नास हजार माणसं दिवसभर बसवून ठेवणं कुणालाच परवडत नाही. जुना उपाय: खऱ्या सामन्याच्या वेळी शूटिंग. ‘द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी’ (१९३९) या चित्रपटात ६ मे १९३९ च्या आर्सेनल विरुद्ध ब्रेंटफर्ड सामन्याची दृश्यं वापरली आहेत. आजचा उपाय: दोनेकशे माणसं स्टँडच्या एका भागात बसवायची, कॅमेरा न हलवता शॉट घ्यायचा, मग तीच माणसं टोप्या-मफलर बदलून शेजारच्या भागात, असं करत तुकडे जोडायचे. लांबच्या रांगांत पुतळे किंवा संगणकाने बनवलेली माणसं.

कॅमेरा हलला की काम अवघड होतं. हुआन होसे कॅम्पानेला यांच्या ‘द सीक्रेट इन देअर आइज’मध्ये (२००९) ब्युनोस आयर्समधल्या उराकान क्लबच्या स्टेडियमवर आकाशातून उतरत थेट प्रेक्षकांत शिरणारा आणि मग पाठलागाबरोबर धावणारा, एकाच शॉटसारखा दिसणारा काही मिनिटांचा प्रसंग आहे. तो अनेक तुकड्यांचा आहे आणि बरीचशी गर्दी संगणकातली. संगणकावरचं काम काही महिने चाललं. जोड कुठे आहेत हे शोधण्यात एक संध्याकाळ मजेत जाते.

गर्दी खोटी वाटते ती संख्येने नाही, वागण्याने. खोट्या गर्दीत सगळे एकाच क्षणी उठतात. खऱ्या स्टेडियममध्ये गोलच्या मागचे आधी उठतात, लांबचे नंतर, आणि पाहुण्या संघाचा कोपरा तसाच बसून राहतो. आवाजही एकदम येत नाही: सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने मैदानाच्या पलीकडची आरोळी अलीकडे यायला पाव सेकंदाहून जास्त लागतो, म्हणून मोठ्या स्टेडियमची गर्जना पसरट, लाटेसारखी असते. एकच आवाज सगळ्या स्पीकरवर एकदम सोडला की तो डबक्यासारखा वाटतो.

टीव्हीवर ऐकू येणारा बुटाचा ‘धप’ही आपोआप येत नाही. मैदानाच्या कडेने आत रोखलेले माइक असतात आणि ध्वनी सांभाळणारा माणूस चेंडू जिथे जाईल तिथला माइक वर घेत, बाकीचे खाली करत राहतो. चित्रपटात हा ‘धप’ नंतर वेगळा भरतात, आणि हमखास जास्त भरतात. साध्या दहा मीटरच्या पासला तोफेचा आवाज येतो. २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा उलटं घडलं. इंग्लंडची प्रीमियर लीग आणि स्पेनची ला लीगा यांच्या प्रक्षेपणात व्हिडिओ गेमसाठी जमवलेले प्रेक्षकांचे आवाज मिसळले गेले. खऱ्या खेळाला खोट्या गर्दीची गरज पडली.

जुना काळ दाखवताना होणाऱ्या चुका

जर्सीचं कापड, केसांचा भांग, मैदानाबाहेरच्या जाहिराती यांवर खूप मेहनत होते. अमित शर्मा यांच्या ‘मैदान’साठी (२०२४) मुंबईत उभारलेला सेट मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने उद्ध्वस्त केला, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं भारताचं सुवर्ण दाखवायला काय काय सोसावं लागलं, याचा तो एक नमुना. १९५४ चा तो अंतिम सामना झाला ते बर्नचं वाँकडॉर्फ स्टेडियम २००१ मध्ये पाडलं गेलं होतं, म्हणून ‘द मिरॅकल ऑफ बर्न’ला ते संगणकावर उभं करावं लागलं.

पण कपडे जमले तरी नियम निसटतात. कारण आजचे खेळाडू आजच्या सवयीने खेळतात. आज सामना सुरू करताना चेंडू मागे देतात. २०१६ च्या आधी तो पुढेच ढकलावा लागे. १९७० च्या दशकात घडणाऱ्या चित्रपटात पहिलीच किक मागे गेली की तिथेच काळ मोडला. १९९२ आधी सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक खुशाल हातात घेत असे, त्यामुळे बचावपटू दडपणात आले की सरळ त्याच्याकडे देत. आजचे नट सवयीने चेंडू बाहेर भिरकावतात. गोल किक २०१९ पर्यंत पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय खेळात येत नसे. पिवळी-लाल कार्डं विश्वचषकात १९७० मध्ये आली, बदली खेळाडूही तेव्हाच. १९६२ च्या सामन्यात पंचाने खिशात हात घातला तर तो फक्त वहीसाठी. जर्सीवर नाव तर नसतंच: इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ते १९९३-९४ च्या मोसमात सुरू झालं. चिखलाचंही तसंच. त्या काळातली मैदानं हिवाळ्यात गोलसमोर उघडी पडत, आणि आजच्या गालिच्यासारख्या गवतावर जुन्या जर्सी घातलेली माणसं शाळेच्या स्नेहसंमेलनातली वाटतात.

आणखी एक चूक कोणत्याही काळाच्या चित्रपटात होते: हाफटाइमनंतर बाजू बदलत नाहीत. संकलकाला सोपं जावं म्हणून नायकाचा संघ दोन्ही सत्रांत डावीकडून उजवीकडेच हल्ला करतो. हे टाळायला फार काही लागत नाही. दुसऱ्या सत्राची सुरुवात एका लांबच्या शॉटने केली, बाजू बदललेल्या दाखवल्या, की प्रेक्षक पुढची वीस मिनिटं दिशा विसरत नाही.

दिशा विसरली की मदतीला समालोचक येतो. ‘आता फक्त पाच मिनिटं उरली आहेत आणि आपला संघ एका गोलने मागे आहे’ असं खरा समालोचक क्वचित बोलतो, कारण वेळ आणि गोलसंख्या पडद्यावरच असतात. चित्रपटातला समालोचक म्हणजे बहुतेकदा पटकथेतली गळती बुजवणारा प्लंबर. त्याचं पहिलं वाक्य गाळून बघावं. दृश्य तरीही कळलं तर ते वाक्य नकोच होतं, आणि नाही कळलं तर शॉट कमी पडलाय.

ज्यांनी भांडण उलटं सोडवलं

चेहरा आणि मैदान दोन्ही मावत नसतील तर एकालाच घट्ट धरायचं, असं काहींनी ठरवलं. हेलमुट कोस्टार्ड यांनी १२ सप्टेंबर १९७० च्या मँचेस्टर युनायटेड विरुद्ध कॉव्हेंट्री सिटी सामन्यात १६ मिमीचे कॅमेरे फक्त युनायटेडच्या जॉर्ज बेस्टवर रोखले. डग्लस गॉर्डन आणि फिलिप पारेनो यांनी २३ एप्रिल २००५ ला रिअल माद्रिद विरुद्ध व्हियारिअल सामन्यात १७ कॅमेऱ्यांनी झिनेदिन झिदानला टिपलं. चेंडू कुठे आहे हे बराच वेळ कळत नाही. कळतं ते हे की इतका मोठा खेळाडूही ९० मिनिटांतला बहुतेक वेळ चालत असतो, मान वळवून मागे बघत असतो, बुटाचं टोक गवतावर घासत असतो. शेवटी मारामारीत त्याला लाल कार्ड मिळतं आणि चित्रपटाला कुणीही न लिहिलेला शेवट मिळतो.

क्लबांच्या आतल्या जगावरच्या माहितीपट-मालिकांनी तिसरी वाट काढली. त्यांत सामना थोडकाच असतो. ड्रेसिंग रूम, दुखापतीचं टेबल, मालकांची बैठक जास्त. सामन्याची दृश्यं त्या त्या लीगच्या हक्कांत असतात आणि महाग पडतात, हेही एक कारण. बघताना एक ध्यानात ठेवावं: गोलनंतर दाखवलेला प्रशिक्षकाचा चेहरा त्याच गोलनंतरचा असेलच असं नाही. संकलनाच्या टेबलावर तो दहा मिनिटं मागेपुढे सरकू शकतो. चेहऱ्यामागचं घड्याळ, त्याच्या अंगावरचा कोट, पडणारा पाऊस यांवर नजर ठेवली तर कधीकधी चोरी पकडता येते.

आणि जाफर पनाही यांनी ‘ऑफसाइड’मध्ये (२००६) सामना जवळपास दाखवलाच नाही. तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये ८ जून २००५ ला इराण विरुद्ध बहरीन असा विश्वचषक पात्रतेचा सामना होता, आणि चित्रीकरण त्याच दिवशी, तिथेच सुरू होतं. तिथे तेव्हा बायकांना स्टेडियममध्ये प्रवेश नव्हता, म्हणून मुलांचे कपडे घालून आत शिरू पाहणाऱ्या मुलींना स्टेडियमच्या बाहेरच्या अंगाला कठड्यात अडवून ठेवलंय. भिंतीपलीकडे गर्जना उठते. मुलींना मैदान दिसत नाही, कॅमेऱ्यालाही नाही. पहाऱ्यावरचा एक शिपाई फटीतून बघून त्यांना सांगतो आत काय चाललंय, आणि त्याला ते नीट सांगता येत नाही म्हणून मुली त्याच्यावर वैतागतात.